खाली आलेल्या रेघेचं कारण

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
रेश्माच्या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल आला. ऐकणं, वाचणं, बोलणं – सगळं चांगलं. लिखाणात साडेपाच! हवे होते साडेसहा.
विलायतेतल्या हॉस्पिटलाने तिची नर्सची जागा महिनाअखेरपर्यंत धरली आहे. म्हणजे आता एकदाच काय ते बसता येईल – पंधरा तारखेला, पुण्यात.
पोरगी मोडनिंबची. आमच्या वरच्या खोलीत राहायला आल्यापासून माझ्याकडे शिकते. मी कुठला मास्तर! सातवीवर सांगोल्याहून इथे शहरात आलो, चादरीच्या कारखान्यात कारकून झालो, डिक्शनरी झिजवून इंग्रजी शिकलो. पण त्या परीक्षेत रेघांचा तक्ता देतात आणि त्यावर दीडशे शब्द लिहायला सांगतात – ते मीच शिकवलं. छाती पुढे काढून शिकवलं.

५ फेब्रुवारी, बुधवार
नव्या पेठेतून त्या परीक्षेचं जुनं पुस्तक आणलं. दुपारभर वाचलं.
स्पष्ट लिहिलंय – तक्त्यात दिसतं तेवढंच लिहा. आधी एकंदरीत काय वाढलं, काय घटलं ते सांगा, मग ठळक आकडे. कारणं मनाने जोडू नका, मार्क जातात.
आणि मी काय शिकवलं? एकतीस वर्षं उत्पादनाचा तक्ता मी काढला. मालक म्हणायचे, खाली आलेली रेघ कारणाशिवाय माझ्या टेबलावर आणायची नाही. मग मी समास भरून लिहायचो – लाइट गेली, सूत आलं नाही, मागांचा मुकादम तिप्पण्णा लग्नाला गेला. तीच खोड पोरीला लावली. कुठल्याशा देशात चहा कमी झाला, तर तिच्याकडून लिहून घेतलं की लोकांना पित्त झालं असावं! ती हसली होती. मी दटावलं – हसू नकोस, लिही.
साडेपाच माझेच आहेत.

६ फेब्रुवारी
सांगितलं नाही. उद्या सांगतो.

९ फेब्रुवारी, रविवार
रेश्मा शिकायला येईना झालीय. जिन्यात भेटली तर मान खाली घालून गेली. बरोबरच आहे, माझ्यामुळे आपटली हे तिला कळलं असणार. बायकोने, मथुराने, तिला ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी दिली होती. डबा घासून दाराला अडकवून गेली, हाकही मारली नाही.
मथुरा म्हणाली, "पोरीला काय बोललात का तुमी?"
न्हाय म्हणालो. खरंच तर आहे, काही बोललोच नाही. तेच तर!
चार ओळींचं काम. चूक माझी होती पोरी, कारणं लिहू नकोस. पण सगळी गल्ली मला 'सर' म्हणते ना. शेजारच्या फुलाबाईची नातसुद्धा अर्ज लिहून न्यायला येते. ती 'सर'की जिभेवर येऊन बसते आणि शब्द बाहेर पडू देत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार
आज पुस्तक काखेत घेऊन वर गेलो. ती ड्युटीचे कपडे इस्त्री करत होती. मी घसा खाकरला, तेवढ्यात तीच म्हणाली, "आप्पा, मला तुमास्नी काईतरी सांगायचंय. पर परीक्षा झाल्यावर. आत्ता नको."
काय सांगणार ते मला ठाऊक. दूषण देणार, आणि माझी कीव करून परीक्षेपर्यंत थांबतेय. पुस्तक पुढे करायचं होतं. ते काखेतच राहिलं. "व्हय, निवांत सांग," म्हणालो आणि उतरलो. उतरताना बरं वाटलं – हेच जास्त लागतंय.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
तिला एसटी स्टँडवर सोडलं. पुण्याच्या गाडीला अर्धा तास होता. अर्धा तास! त्यात मी विचारलं – पाणी घेतलंस का, स्वेटर घेतलास का, ओळखपत्र वरच्या कप्प्यात आहे का. कंडक्टरने घंटा मारली तेव्हा खिडकीशी गेलो. तिने हात बाहेर काढून माझ्या हाताला लावला.
मनाची समजूत घातली – एकदा ठेच लागली आहे, आता ती शहाणी झाली असेल. आता कारणं लिहिणार नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार
चारला फोन आला. आवाज लई मोकळा.
"आप्पा, मागच्या वेळी मी तुमची कारणं लिवलीच न्हवती. मैत्रीण म्हणाली, लिवू नको, म्हणून सोडली. मग मार्क गेले. तुमचं ऐकलं न्हाय याची लाज वाटत हुती, म्हणून वर-खाली जाताना तोंड चुकवत हुते. आज बघा, एकेका रेघेचं कारण लिवलंय. एकबी सोडली न्हाय."
मी 'बरं केलंस' म्हणालो.