अर्ध्या कानासकट आलेली तक्रार

मु. पो. बसणी,
ता. जि. रत्नागिरी.
गुरुवार

तक्रार करायची तर खुशाल करावी, पण तिच्याबरोबर माझा अर्धा कान जगभर पाठवायचं काही कारण नव्हतं. मोत्यांची कुडी, कुडीच्या वरचा तीळ आणि मागे आपल्या सानिकाच्या लग्नाचा मांडव. माझा कान मी ओळखते. साठ वर्षं त्यात तीच कुडी आहे.

आता रीतीचं. चि. अनिल यास मावशीचे आशीर्वाद. तुझी तब्येत उत्तम असणार, कारण आजारी माणूस इतकं लांबलचक लिहीत नाही. मालनचे गुडघे कसे आहेत? माझ्या बहिणीला म्हणावं, तेल गुडघ्याला लावायचं असतं, कपाटात ठेवून गुण येत नाही. इकडे मी बरी आहे. गोळी घेते. कलमांना यंदा मोहोर भरपूर आला आणि गेला, म्हणजे नेहमीसारखंच. काशी शेजारीच आहे. महिन्यातून एकदा सकाळी येऊन मी आहे की गेले ते बघून जाते.

आपली मृणाली, सदूची थोरली, मुंबईची नोकरी सोडून माझ्याकडे राहायला आली आणि इथल्या कॉलेजात शिकवते, एवढं तुला माहीत आहे. नोकरी का सोडली ते कुणालाच माहीत नाही. मी विचारलं नाही, ती बोलली नाही, त्यामुळे आमचं बरं चाललंय. पण कॉलेजातून आल्यावर ती काय करते ते तुला माहीत नाही, आणि सगळा घोळ तिथेच झालाय. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा मला समजलं तसं लिहिते. समुद्राचे, वाऱ्याचे, पावसाचे लाखांनी आकडे असतात. ते नुसते बघून शास्त्रज्ञालाही काही कळत नाही. मग त्यांचं चित्र काढावं लागतं. त्या चित्रांसाठी लागणाऱ्या हत्यारांची एक पेटी आहे. तिला हे लोक लायब्ररी म्हणतात, आपण पेटी म्हणू. ती कुणाच्या मालकीची नाही. ज्याला पाहिजे त्याने फुकट न्यावी, वापरावी, आत काय आहे ते उघडून बघावं. चाळीस देशांतले लोक नेतात. फिनलंड म्हणून देश आहे, तिथल्या एका माणसाने ती बनवली. दोन वर्षांपूर्वी त्याला मुलगी झाली आणि त्याने काम सोडलं. (आपल्याकडे मूल झालं की बाई सोडते. तिकडे बाप सोडतो. मला आवडलं.) जाताना त्याने चावी मृणालीकडे दिली, कारण तीच एक निमूटपणे दुरुस्त्या पाठवत असे. निमूटपणे काम करणाऱ्याचं पुढे काय होतं ते मी तिला तेव्हाच सांगितलेलं.

चावीबरोबर चारशे बारा तक्रारी आल्या. संध्याकाळी पडवीत ती खुर्चीवर बसून त्या वाचते, मी खाली सोडे निवडते. ब्राझीलचा एक आहे, तो आधी घरच्यांची चौकशी करतो, मग चूक सांगतो. त्याचं काम आम्ही लगेच करतो. एक आहे तो दर महिन्याला एवढंच विचारतो की हे काम जिवंत आहे का मेलं. (तुझ्या लक्षात आलं असेल, मला कोण आठवलं.) मी म्हटलं त्याला कळव, मेलं की तेराव्याला बोलावणं पाठवू. मृणालीने खटखट काहीतरी लिहिलं. नंतर ईशाकडून, म्हणजे काशीच्या नातीकडून वाचून घेतलं, तर आपण दाखवलेल्या आस्थेबद्दल आभार, असं निघालं. दोन वर्षं मी जगाला जे जे सुनावलं ते सगळं असंच आभार होऊन गेलंय.

तर साफसफाई. पेटीत आठशे हत्यारं, एकाच चित्राला चौदा वाटा, आणि निम्मं सामान कुणी, कशाला टाकलं ते टाकणाऱ्यालाही आठवत नाही. दिवाळीनंतर मृणालीने आवरायला काढलं. त्यांच्यात रीत अशी की एखादं हत्यार काढायचं तर आधी वर्षभर त्याला पाटी टांगायची, की हे जाणार आहे, दुसरं घ्या. मगच काढायचं. ती नाव वाचायची, काय करतं ते सांगायची, मी ठेव किंवा टाक म्हणायचे. पाट्यांची मुदत संपलेली बावन्न हत्यारं एका आठवड्यात गेली. एकाने चित्रात असे जाड खांब उभे राहायचे की मागचं काहीच दिसायचं नाही. कशाला, तर शोभा. टाकलं. एकाबद्दल विचारलं हे काय करतं, तर मृणाली बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, काहीच करत नाही, पण काढलं की सगळं बंद पडतं. ते ठेवलं. असं एक माणूस प्रत्येक घरात असतं. (नाव लिहीत नाही, हे पत्र मालनही वाचेल.)

त्यातच सात रंगांची माळ गेली. कमीला निळा, मग हिरवा, पिवळा आणि जास्तीला लाल. गणपतीच्या मखरासारखी. ही माळ डोळ्यांना फसवते असं शिकलेल्यांचं मत आहे. वारा हळूहळू वाढत असला तरी मध्येच कुंपण घातल्यासारखं दिसतं, आणि ज्याला लाल-हिरवा वेगळा कळत नाही त्याला तर काहीच दिसत नाही. तिच्या जागी जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत एकसारखी चढत जाणारी माळ बसवली. जुनी नक्की कशी गेली त्याच्या खोलात आत्ता जात नाही.

आणि सोमवारी तुझी तक्रार आली. खाली तुझं नाव नव्हतं, शार्क असं होतं. (शार्कला पोहता येत नाही, हे मी तिथे लिहायला सांगितलेलं नाही. अजून.) पवनचक्की कुठे उभी करायची ते तुझी कंपनी सांगते, आणि आठ वर्षं तू गिऱ्हाइकांना चित्रं दाखवून सांगतोस की लाल तिथे वारा. गेल्या आठवड्यात भर बैठकीत चित्र उघडलंस तर लाल कुठेच नाही. गिऱ्हाईक म्हणालं, म्हणजे इथे वारा नाही, आणि उठून गेलं. तुझं नुकसान झालं हे मी मान्य करते. पण कुठला रंग म्हणजे किती वारा, ते सांगणारी पट्टी चित्राच्या कडेला असते, ती तू काढून टाकली होतीस. मृणाली म्हणते, पुष्कळजण काढतात, चित्र मोकळं दिसतं म्हणून. तराजूचा काटा झाकून आठ वर्षं मासळी विकलीस आणि आता तराजूवाल्याला ओरडतोस.

तुझं सगळं लिहिणं तिने मला मराठीत वाचून दाखवलं. बेजबाबदार या शब्दापर्यंत मी सोडे निवडत होते. मग ते वाक्य आलं. "ज्याच्या हातात हे काम आहे त्याने आयुष्यात कधी खरी नोकरी केलेली नसावी." त्याच्याखाली एकवीस जणांनी अंगठे दिलेत. आमच्या सोसायटीच्या ठरावालाही एवढे मिळत नाहीत. पुरावा म्हणून तू चित्राचा फोटो जोडला होतास, आणि तो काढताना तुझ्या कॉम्प्युटरचा अख्खा पडदा काढलास. मृणाली चित्राकडे बघत होती. मी कडेला बघितलं, तर तू पडद्यावर लावलेल्या लग्नाच्या फोटोतली मी.

तिने लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि म्हणाली, "आजी, चूक माझीच आहे. चावी माझ्या हातात होती." मी उठून आत गेले. तव्यावर बांगडे होते.

मग तिने तिथे जाहीर माफी मागितली आणि रविवारी संध्याकाळी सहा वाजता पेटीला कुलूप लावणार असं लिहिलं. कुलूप लावलं तरी पेटी लोकांना नेता येते, पण पुढे कुणी काही दुरुस्त करत नाही, नवीन घेत नाही, तक्रारही ऐकत नाही. हळूहळू ती गंजते आणि लोक दुसरीकडे जातात. तू म्हणशील, मावशीचं त्यात काय जातं. सांगते. सोमवारपासून मृणाली माझं घर आवरते आहे. मसाल्याच्या बरण्यांना चिठ्ठ्या लागल्या. काल विचारत होती, आजी, तुला चार विळ्या कशाला लागतात. या घरात काय टाकायचं ते मी ठरवते. आणि दुसरं, मुंबईहून आली तेव्हा ती तीन महिने नुसती समोरच्या माडाकडे बघत बसायची. फिनलंडवाल्याची चावी आली त्या दिवशी तिने स्वतः मागून दोनदा भात घेतला. सोमवारपासून एकदाच घेते. मी फक्त भाताचं सांगतेय.

आपल्या वाडीची बावडी तुला आठवत असेल. सगळी वाडी पाणी भरते, मालक कुणीच नाही. वैशाखात गाळ काढायचा तर घरटी एक माणूस, हा नियम. मुंबईला असलास तर ये, नाहीतर बदली माणूस पाठव. दारात नळ आला तरी नियम तोच, कारण नळ जातो तेव्हा सगळे कळशा घेऊन तिथेच उभे असतात. दोन वर्षांपूर्वी तू गाळाच्या दिवशी आलेलास. काठावर उभा राहून फोटो काढलेस आणि खाली उतरलेल्यांना, दोर नीट धरा, असं सांगत होतास. पाणी मात्र पहिलं तू प्यालास आणि मातकट लागतं म्हणालास. तेव्हा मी गप्प बसले, कारण पाहुणा होतास. पेटीत तू पाहुणा नाहीस. आठ वर्षं भरतो आहेस.

मुद्दाम कळवण्यासारखं बाकी काही नाही. लोभ आहे तेवढा आहे, वाढवायचा की नाही ते रविवारी बघू.

तुझी,
मथुरा मावशी

ता. क. – घरटी एक माणूस या हिशेबाने तुझ्या घरातून तू. चारशे बारातल्या त्रेसष्ट तक्रारी वाऱ्याच्या चित्रांच्या आहेत, त्या मृणालीला नीट कळत नाहीत, ती समुद्राची आहे. त्या तू घ्यायच्यास. रविवारी सहाच्या आत तिथे तसं लिहायचं, म्हणजे कुलूप लागणार नाही. कंपनीच्या वेळात केलंस तरी चालेल, कंपनीही फुकटच नेते. शार्क कोण ते मी मृणालीला सांगितलेलं नाही. ते तू सांगायचंस.

ता. क. दुसरा – सात रंगांच्या माळेला पाटी लावलेली नव्हती. मृणाली म्हणत होती, हिला वर्षभर पाटी लावू. मी म्हटलं, हे मखर आणखी वर्षभर कोण बघणार, आत्ताच काढ. ती दोनदा नको म्हणाली. मग मी जेवायला वाढणार नाही म्हटलं. हे तिने तिथे कुणालाही सांगितलेलं नाही, आणि मलाही पुन्हा बोलून दाखवलेलं नाही. तेव्हा तू बेजबाबदार म्हणालास ते घर बरोबर होतं, माणूस चुकला. खरी नोकरी मी कधीच केलेली नाही, हेही तुझं बरोबर.

ता. क. तिसरा – पोस्टाने हे रविवारनंतर मिळालं असतं, म्हणून ईशा पानांचे फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवते आहे. तिला वाचू नकोस म्हणून सांगितलंय. ती वाचते आहे. फोटोत फक्त पान येईल असं बघायला मी तिच्यामागे उभी आहे. हे तुलाही जमलं असतं.

उत्तर मला नको. मृणालीला दे, जिथे बोललास त्याच पानावर, अनिल भिकाजी सुर्वे या नावाने. मालनने लिहून दिलेलं चालणार नाही. दिवाळीला ज्या यंत्राकडून तू मला उज्ज्वल करिअरच्या शुभेच्छा लिहून घेतल्यास, त्याचंही चालणार नाही. तू लिही.