न दिलेली संमती मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी (वैमानिक आरोग्य),
विभागीय हवाई सुरक्षा कार्यालय.

विषय : वैमानिक अपूर्व भगत यास जागरणाची गोळी देण्यास घेतलेली संमती मागे घेणेबाबत.

संदर्भ : आपले दि. ३ चे एका ओळीचे उत्तर, "सदर गोळी ऐच्छिक आहे."

महोदय,

झोपेने मेलेल्या माणसाच्या हाती विमान द्यायचे आणि वर त्याचीच सही घ्यायची, हा धंदा तुमच्या शिक्क्याने चालतो.

१. अर्जदार बाळू जोमा भगत, रा. नेरे, यांनी सव्वीस वर्षे बंदराचा ट्रेलर चालवला. एकदा शेठने चहासोबत दिलेली जागरणाची गोळी खाऊन ते कळंबोलीला दुभाजकावर चढले. लायसन्स सहा महिने गेले. बरोबरच झाले. तसलीच गोळी अर्जदाराचा मुलगा अपूर्व याला मालवाहू विमान कंपनीचा डॉक्टर पाकिटातून देतो. पांढरी झोपायला, पिवळी जागायला. त्याला तुम्ही थकवा व्यवस्थापन म्हणता.

२. काल दुपारी अपूर्व लांबच्या फेरीवरून घरी आला आणि ताटापुढे नुसता बसून राहिला. "याला जेवन नको, झोप पायजे," त्याची आई कुमुद म्हणाली. असले डोळे ड्रायव्हरला कळतात : दिवे चालू, आत माणूस नाही. अर्जदाराने त्याच्या मोटारसायकलची चावी लपवली. तासाभरात कंपनीची गाडी आली. पिवळी गोळी गिळून तो विमान चालवायला गेला.

३. ऐच्छिक कशी, तेही ऐका. अपूर्वचे शब्द : "नाय घेतली तर का नाय घेतली ते लिहून द्यावं लागतं, बाबा. दोनदा लिहिलं की घरी बसा."

४. दर महिन्याला संमतीपत्र भरावे लागते. या महिन्याची प्रत कुमुदला धुण्यात, त्याच्या खिशात सापडली. नावाच्या रकान्यात पोराने स्वतःचे नाव सोडून सरळ बापाचे लिहिले आहे : बाळू जोमा भगत. एवढ्या झोपेत होता. डॉक्टरने तपासले, तुम्ही शिक्का मारला. तिघांत जागे कोण होते?

५. कागद खरा असेल, तर संमती अर्जदाराची आहे आणि ते ती आज मागे घेत आहेत. खोटा असेल, तर या महिन्यात पोराने गोळ्या खाल्ल्या त्या कोणाच्या संमतीने? गुरुवारी त्याला पुन्हा उडायचे आहे. बुधवारपर्यंत लेखी सांगा.

अजून तरी आपला नम्र,
बाळू जोमा भगत
नेरे, ता. पनवेल
दि. १७ नोव्हेंबर २०२५

सोबत : संमतीपत्राची झेरॉक्स, उत्तरासाठी पत्ता लिहून, तिकीट लावलेले पाकीट.