एक विषय आजीचा

प्रिय प्रज्ञाबाई,

वर्षभरात एक ओळ पाठवली नाही म्हणून रुसू नकोस. मला कुठे लिहिता येतं! मी सांगतेय आणि तुझी धाकटी बहीण मोबाइलवर टाइप करतेय. ताकीद दिलीय तिला, मी बोलेन तेच लिहायचं. आजच लिहायचं कारण असं, की ही मैत्री आता तुझ्याएवढी झाली, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. विषय निवडायला आज संध्याकाळी पाचपर्यंत मुदत आहे. आणि तिने मला विचारलं नाही.

तू विचारायचीस. सत्र सुरू झालं की मंडईत माझ्या गाळ्यावर यायचीस आणि कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता यादी वाचायचीस. "बाकीचे विषय माझे, एक आजीचा. बोल." कानाला बरा वाटेल तो मी सांगायचे. तू वर्गात शिकायचीस आणि येऊन मला शिकवायचीस. शाळेची पायरी न चढलेली मी, तुझ्या जिवावर चार विषय शिकले! त्यातले रोमन राजे तेवढे डोक्यात राहिले नाहीत. सगळ्यांची नावं एकसारखी आणि सगळे एकमेकांच्या वाइटावर. आमचे शेजारचे गाळेवाले बरे.

पाचवा मात्र मी तुझ्या माथी मारला. तू सांगितलं होतंस, "आजी, जाहिरातीचा वर्ग दुपारी एकला आहे, खडकांचा सकाळी सातला." मी म्हटलं, "खडकांचाच घे. दगडांवर सहा महिने काय बोलतात ते कळू दे. आणि लवकर उठायला काय झालं, राणीसरकार? मी चाळीस वर्षं चारला उठून मंडई गाठली."

तू हसलीस आणि यादीत खडकांपुढे खूण केलीस.

अकराव्या दिवशी सकाळी, कात्रजच्या उतारावर, पाण्याच्या टँकरने तुझ्या गाडीला...

मैत्री थांबलीय. थांबू नकोस गं, लिही.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुझ्या आईलाही नाही. तू गेल्यावर पुण्यानुमोदनाला जमलेली माणसं म्हणत होती, पोरीला शिकायची केवढी हौस, उजाडताच निघायची. मी भिंतीला टेकून ऐकत बसले. हौस माझी होती ना गं?

मैत्री म्हणतेय, "आजी, ताईला सातचाच हवा होता. दुपार मोकळी मिळते म्हणून." बघ! तुझ्यासारखं खोटं हिला जमत नाही. मान खाली घालून बोलते.

आणखी एक ऐक. ही घराबाहेर पडली की मी फोन घेऊन दारात बसते. मला अक्षरं कळत नाहीत म्हणून तूच त्यात सगळ्यांचे फोटो लावून दिले होतेस. हिचा फोटो मी तासाला चार वेळा दाबते. ही परत येईपर्यंत घास घेत नाही. कधी चुकून तुझा दाबला जातो. चुकून म्हणतेय, तू काय ते समज. तिकडून एक बाई सांगते, हा नंबर अस्तित्वात नाही. मी तिला म्हणते, तुला काय माहीत गं भवाने?

परवा ही मैत्रिणीशी बोलत होती. "मला नदीचाच विषय हवा होता गं. दर शनिवारी सकाळी मुठेच्या काठाने हिंडायचं, पाणी तपासायचं. पण नको. आजी जेवत नाही." आज विचारलं काय भरलंस, तर सगळे ऑनलाइन. घरात बसून. विसाव्या वर्षी!

तुला विषय निवडून दिला आणि घालवून बसले. हिला एक शब्द न बोलता कोंडून ठेवलं. दोघींपैकी एकीशी तरी मला नीट वागता येऊ नये? तू असतीस तर चांगलं फैलावर घेतलं असतंस. मला रागवायलासुद्धा कुणाला ठेवून गेली नाहीस!

आता ही विचारतेय, "आजी, हे ताईला लिहितेयस की मला?"

"टाइप कर म्हटलं ना."

"साडेचार झाले, म्हणून विचारलं."

"मग आधी तो नदीचा विषय टाक. पत्र पाचनंतर पुरं करू. ताईला काही घाई नाही."

हिने डोळे पुसले आणि टाकला. मी दोनदा विचारून खात्री केली.

तर प्रज्ञा, तुला शब्द देते. शनिवारी ही निघेल तेव्हा मी आडवी येणार नाही. फोन तुझ्या आईच्या हातात देईन. भीती जाईल असं खोटं सांगत नाही, ती माझ्याबरोबरच जाईल. पण जेवणाची वेळ झाली की मी पानावर बसेन, आणि ही आलेली नसली तरी पहिला घास तोंडात घालीन. गिळता येईल की नाही, ते मात्र आज सांगता येत नाही.

तुझी खडूस,
आजी