दहापैकी दोन

प्रिय दादा,

आई म्हणते, तू हल्ली घरात बोलतच नाहीस. वाढू का विचारलं तर नुसती मान हलवतोस, आणि काही हवं असलं तर चिठ्ठीवर लिहून तिच्यापुढे सरकवतोस. 'चष्मा कुठे आहे', एवढंसुद्धा. परवा फोनवर तिने मला तुझ्या चार चिठ्ठ्या वाचून दाखवल्या आणि पाचवी अर्ध्यातच सोडली. मी म्हटलं, कामाचा ताण असेल गं, होईल ठीक. दादा, खरं कारण मला ठाऊक होतं. तिच्याशी मी धडधडीत खोटं बोलले.

माझ्या पहिल्या मुलाखतीच्या आधीचे ते आठ दिवस आठवतात तुला? मागच्या खोलीत तू बाबांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून साहेब व्हायचास. एकटाच तीन साहेब. एक खडूस, एक झोपाळू आणि एक सारखा 'का?' विचारणारा. हसून हसून माझ्या पोटात दुखायचं. खुर्चीच्या कडेवर बसू नकोस, आपण काही पळून जायला आलेलो नाही. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हण, थापा मारू नकोस. प्रश्न विचारणाऱ्यालाही घरी जायची घाई असते, तेव्हा पाल्हाळ लावू नकोस. सगळं तू शिकवलंस. आणि साहेब झालास की तू एकदाही अडखळायचा नाहीस. चष्मा उतरवलास, की पुन्हा शब्द घशात अडायचे. मला तेव्हा त्याची गंमत वाटायची.

त्या शिकवणीवर मी चढत गेले. कारकून, मग विभागप्रमुख, आता तुझ्याच खात्याच्या मुख्य कार्यालयात भरतीचं काम. तू मात्र गावाबाहेरच्या जलशुद्धीकरण केंद्रात, प्रयोगशाळेत, बारा वर्षं सहायकच. बाटली नाकाशी नेऊन क्लोरीन कमी की जास्त ते तू सांगायचास, आणि मागाहून यंत्र तुझीच री ओढायचं. प्रमुखाची जागा निघाली तेव्हा केंद्रातल्या सगळ्यांनी तुला धरून अर्ज भरायला लावला. मला तू कळवलं नाहीस. माझ्यावर भार नको, असंच मनात असणार तुझ्या.

मुलाखतीच्या दिवशी निवड समितीतल्या एक बाई आजारी पडल्या आणि ऐनवेळी मला बसवलं. यादीत तुझं नाव वाचलं. नियम सरळ होता, घरचं माणूस उमेदवार असेल तर उठून जायचं. पण माझी बढती तोंडावर आलेली. उगाच कुजबुज व्हायची, भावासाठी आली होती म्हणून. लग्नानंतर आडनाव बदललेलं, कोणाला काही कळण्यासारखं नव्हतं. मी मिठाची गुळणी धरून बसले.

तू आत आलास. मला पाहून क्षणभर थबकलास आणि मग सगळ्यांना केलास तसाच मलाही नमस्कार केलास. "नमस्कार, मॅडम." एकदाही न अडखळता! सख्ख्या बहिणीला. तू मला सांभाळून घेत होतास, दादा, आणि मी खुशाल घेऊ दिलं.

अध्यक्षांनी विचारलं, तुम्ही स्वतःच्या जबाबदारीवर घेतलेला एखादा निर्णय सांगा. माझा जीव भांड्यात पडला. गेल्या उन्हाळ्यात पाणी दूषित निघालं तेव्हा, फोनवर वरिष्ठ ओरडत असताना, तू मुख्य झडप बंद केली होतीस. अर्धं शहर दोन दिवस तुझ्या नावाने बोटं मोडत राहिलं, पण एकही मूल आजारी पडलं नाही. याहून मोठं उत्तर त्या खोलीत दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. पण ते सुरू होत होतं 'पाणी' या शब्दाने. 'प'वर तू लहानपणापासून अडतोस, आणि नशिबाने जन्म काढायला लावला तो पाण्यातच.

तुझे ओठ मिटले ते उघडेनात. मानेची शीर ताठ झाली. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. मग तू माझ्याकडे पाहिलंस, एकदाच. लहानपणी दुकानात अडलास की असंच बघायचास आणि मी पटकन शब्द पुरवायचे, म्हणून तर मला टकळी म्हणायचास. तो शब्द माझ्या जिभेवर होता. मी मान खाली घालून कागदावरच्या ओळी वाचत राहिले. शेवटी तू उत्तर दिलंस, तुटक, चार वाक्यांत. झडपेचं सांगितलंस, मुलांचं राहूनच गेलं.

घरी जाऊन तू आईला म्हणालास, समिती चांगली होती, मीच कमी पडलो. त्या जागेवर बाहेरचा, बोलण्यात पटाईत माणूस आला. तो आता काम तुझ्याचकडून शिकतोय असं ऐकते.

आता हे सगळं आज का लिहितेय ते सांगते. 'संवादकौशल्य' या रकान्यात बाकी दोघांनी तुला दहापैकी पाच-पाच गुण दिले होते. तू त्यांचा कोणी नव्हतास, तरी दिले. मी दोन दिले. आपण कोणाची बाजू घेत नाही, हे मला माझं मलाच दाखवायचं होतं. निवडलेल्या माणसापेक्षा तू एकूण दोनच गुणांनी मागे राहिलास. सहा महिने हे पोटात ठेवलं. आज सकाळी सगळं लिहून, खाली सही करून वरिष्ठांना देऊन आले. माझी चौकशी होईल, बढती तर गेलीच. मुलाखत पुन्हा होईल की नाही, सांगता येत नाही. झाली तर तू जा, असं म्हणायचा हक्क मी घालवून बसलेय. पण कार्यालयाचा टंकलेला कागद तुझ्या हाती पडण्याआधी हे तुला माझ्या अक्षरात कळावं, एवढ्यासाठी हे पत्र. आईला काय सांगायचं ते तू ठरव. मला उत्तर नाही दिलंस तरी चालेल. तिच्याशी मात्र बोल, अडखळत का होईना. तू कमी पडला नाहीस, दादा. मी कमी दिलं.

तुझीच,
टकळी