फुटपाथवरची एकवीस वर्षं

प्रिय ठमे,

तुझे बाबा मजेत आहेत. काल त्यांनी माझ्या सायकलची चेन पुन्हा एकदा काढून घातली, तिला काही झालेलं नसताना. कमरेमुळे स्वतःला चालवता येत नाही, म्हणून माझ्या सायकलच्या मागे लागतात. मीही बरी आहे. दातांच्या लॅबमध्ये सध्या दोन कवळ्या हातात आहेत. त्यातली एक गाणं शिकवणाऱ्या बाईंची. 'सा' लावला की शिट्टी वाजते, म्हणून तिसऱ्यांदा परत आली आहे.

जाण्यायेण्याचं म्हणशील, तर तू परगावी गेलीस तरी माझी वाट तीच होती. चार किलोमीटर, सगळा फुटपाथ. रस्त्यावर चाक घालायचं नाही हे आपलं ठरलेलंच. लोक वैतागतात, पण सवय झाली आहे त्यांनाही. फुलवाली मला लांबून बघितलं की बादल्या आत ओढते. बाकावरच्या आजोबांपाशी मी उतरून चालते, कारण ते पाय आत घेत नाहीत आणि मी हट्ट करत नाही. फरशा उखडलेल्या, त्यामुळे मागच्या डब्यात तयार कवळ्या कडकड वाजतात आणि शेजारून जाणारा दचकून वळतो.

मग गेल्या महिन्यात एका दारातून एक पोरगी धावत बाहेर आली. मी ब्रेक दाबला, हँडल भिंतीला घासलं, आणि ती माझ्या पुढच्या चाकाला धरून उभी. लागलं कोणालाच नाही. तिची आई नुसती पोरीला उचलून माझ्याकडे बघत राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पोरगी असेल सहाएक वर्षांची, पुढचा दात पडलेला. त्या दिवशी माझ्या हातून एकही दात सरळ बसला नाही. इतकी वर्षं मी स्वतःला सांभाळत होते, समोरच्याचा विचार माझ्या मनातही आला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून कालव्याकाठची पायवाट धरली. सावली छान आहे, पण झाडांची मुळं वर आलेली, आणि बदकं म्हणजे वाट त्यांच्या वडिलांची असल्यासारखी बसतात. आठवडा आनंदात गेला. मग एका मुळावर सायकल उडाली, डबा उघडला आणि गाण्याच्या बाईंची कवळी चिखलात. मी ती तीनदा धुतली, औषधात बुडवून ठेवली आणि कोणाला सांगितलं नाही. तूही सांगू नकोस. पण दुसऱ्यांचे दात असे चिखलात पाडून कसं चालेल?

राहिला रस्ता. गेल्या मंगळवारी सकाळी मी गेले. पहिल्या सिग्नलला बस शेजारी येऊन थांबली, तेव्हा जीव मुठीत धरूनच उभी होते. ड्रायव्हरने हाताने खूण करून मला आधी जाऊ दिलं. पुढे गुळगुळीत डांबर आणि कडेचा मोकळा पट्टा. ठमे, कवळ्या अगदी गप्प होत्या. पंधरा मिनिटांत पोचले. इतकं छान वाटलं की चोरी केल्यासारखं वाटलं.

चोरीच होती ती, आणि म्हणून हे पत्र. एकवीस वर्षांपूर्वी बाबांना सायकलवरून जाताना गाडीने उडवलं, त्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर तू माझा हात ओढून स्वतःच्या गळ्याला लावलास आणि माझ्याकडून शपथ घेतलीस, की आई रस्त्यावरून सायकल चालवणार नाही. तू कदाचित विसरलीही असशील. मी शपथा-बिपथा मानत नाही, पण ही तुझ्या गळ्याची आहे. मंगळवारी संध्याकाळी फोन करून घसा बरा आहे ना, असं उगाच विचारलं, ते यामुळे. बाबा म्हणतात, वेडी आहेस, खुशाल जा. पण जिने घातली तिनेच सोडवायची असते. फोनवर मागितलं असतं तर तू हसत सुटली असतीस, आणि हसत दिलेलं मी धरणार नाही. तेव्हा लहानपणी म्हणायचीस ते दोनच शब्द कागदावर लिहून पाठव, 'शपथ सुटली'. तोवर सायकल हातात धरून फुटपाथवरून चालत जाते आहे. तास लागतो. लवकर लिही.

तुझीच,
सध्या पायी जाणारी आई