चेंडूवरची मधली जागा

मस्कटीन, आयोवा
१४ एप्रिल १९९७

प्रिय डेल्मर,

तू खुशाल असशील, गुडघा फार कुरकुरत नसेल, असं धरून चालते. इकडे सगळं बरं आहे. नदी चढली होती, पण यंदा तळघरात पाणी शिरलं नाही. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र शेगडीत टाकलं नसशील, तर आधी खुर्चीत बस. उभ्यानं वाचू नकोस. मला स्वतःलाच परवापासून बसवत नाहीये!

शनिवारी अग्निशमन केंद्रात जुन्या वस्तूंची किंमत करून देणार होते. तिकीट दोन डॉलर. मी बाबांचा चेंडू मोज्यात गुंडाळून नेला. हो, तोच. छत्तीस सालच्या बेसबॉल संघाच्या सह्यांचा, लाइल ब्रॅडिगनच्या सहीचा. तो मोठ्या संघात जाण्याआधी एक उन्हाळा आपल्या गावात खेळला, त्या सालचा.

किंमत करणारी बाई इर्मा नोवोत्नी. चाळिशीची, एका चष्म्यावर दुसरा चष्मा. चेंडू असा फिरवत होती, जणू गरम अंडंच. ब्रॅडिगनच्या सहीवर थांबली आणि चुकचुकली.

"वाईट वाटून घेऊ नका बाई, ही सही त्याची नाही. लोक चेंडू मागत राहायचे, खेळाडू कंटाळायचे, मग कपडे बदलायच्या खोलीचा राखणदार त्यांच्या नावानं सह्या ठोकायचा. तेव्हा सगळीकडे चालायचं हे."

"ठाऊक आहे," मी म्हटलं.

"ठाऊक आहे? मग दोन डॉलर मोजून तासभर रांगेत कशाला उभ्या राहिलात?"

"घरचा टीव्ही बिघडलाय."

ती हसली. मीही हसले. पण डेल्मर, मला का ठाऊक होतं, ते पुढे सांगते. जरा दम धर.

मग तिनं चेंडू वळवला. दोन्ही शिवणी जवळ येतात ती मधली जागा तुला माहीतच आहे. तिथं सही करायची ती संघाच्या मॅनेजरनं, मानाची जागा. तिथं आपल्या चेंडूवर काय आहे? 'व्हर्जिल हॅस्केट.'

"हे मॅनेजर का?"

"माझे वडील. खोलीचे राखणदार. मोजे धुवायचे, बूट पुसायचे."

माझ्या मागे एक ढेरपोट्या उभा होता. तो खिदळला, "मोजे धुणारा मानाच्या पाटावर बसला की!"

तुझेच शब्द, जवळजवळ. माझे कान तापले. पण इर्मा हसली नाही. नाक चेंडूला टेकेपर्यंत वाकली. "तुमचे वडील डावखुरे होते?"

"छे! उजवे."

"नक्की?"

"अहो, त्याच उजव्या हाताच्या चापट्या खाऊन मोठे झालोय आम्ही."

तिनं एक जाड फाइल उपसली. ब्रॅडिगनच्या पत्रांच्या नकला. गडी डावखुरा पिचर, चेंडू डाव्या हातानं फेकायचा, लिहायचाही डाव्यानंच. अक्षरं मागे कललेली, ओल्या शाईवरून तळहात फिरल्याचा फराटा, शेपटीला गाठ. तिनं चेंडू शेजारी धरला. बाबांच्या नावातली अक्षरंही मागे कललेली. तसाच फराटा. तशीच गाठ!

"बाई!" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की कॉफीची किटली घेऊन एक बंबवाला धावत आला. "तुमच्या वडिलांनी त्याचं नाव लिहिलं, आणि त्यानं तुमच्या वडिलांचं! आणि कुठं, बघा तरी! मॅनेजरच्या जागी!"

मला हुंदका आला की हसू, कळलंच नाही. तो ढेरपोट्या टोपी काढून म्हणाला, "माफ करा हं, बाई."

बाबा जन्मभर काय सांगायचे, आठव. "लाइलनं या चेंडूवर माझ्यासाठी स्वतःच्या हातानं लिहिलंय." खरं होतं रे! आपणच सगळे भलत्या जागी बघत राहिलो.

आता जे सांगायला अकरा वर्षं लावली ते.

बाबांच्या अंत्यविधीनंतर तू चेंडू हातात घेऊन म्हणालास, "ही सही बाबांची आहे. शाळेच्या चिठ्ठीवरचं तेच अक्षर. वर स्वतःचं नाव मधोमध! आपले बाबा थापाडे होते." पाद्री, शेजारीपाजारी सगळे ऐकत होते. मी म्हटलं, "खोटारडा तू आहेस. पुन्हा तोंड दाखवू नकोस." तू हॅमची भरलेली बशी तशीच ठेवून टोपी उचललीस.

डेल्मर, सहीचं तू खरं बोलत होतास आणि ते मला माहीत होतं. मी अकरा वर्षांची असताना बाबा स्वयंपाकघरात किराण्याच्या कागदी पिशवीवर लाइलची सही गिरवायचे, मग चेंडूंवर उतरवायचे. शाई वाळायला फुंकर मी घालायचे. तू सहा वर्षांचा, टेबलाखाली बसून शिवणी मोजायचास. बाबांची लाज झाकायला मी तुला खोटं पाडलं. शनिवारी गेले तेही यासाठीच, की सहीचं कुणा तिऱ्हाइतानं सांगावं, म्हणजे मला तोंड उघडावं लागणार नाही. म्हातारी झाले, पण अक्कलदाढ अजून यायचीय.

शेवटी इर्मा पेन उघडून बसली. "किंमत काय लिहू? खरी सही असती तर चार हजार. राखणदाराची असेल तर साठ. पण असा चेंडू मी जन्मात पाहिला नाही. शंभर म्हणू की पाच हजार?"

"रकाना कोरा ठेवा," मी म्हटलं. "त्याचा एक मालक, माझा धाकटा भाऊ, स्पोकॅनला असतो. त्यानं अजून मधली जागा नीट पाहिलेली नाही."

ये, आणि बघ. हॅम मी करते. बशी या खेपेला रिकामी करूनच ऊठ.

इतरांची नावं लिहिणाऱ्या घरातली मी, पण खालची सही माझ्याच हातची आहे. फुंकर घातलेली नाही, म्हणून थोडी पसरलीय.

तुझी चुकलेली थोरली बहीण,
ओपल