प्रेमसिंगनं धरलेली फांदी

इटारसी, भादवा १९५४

प्रिय रुपा,

हे पत्र शाळेच्या मास्तराकडून वाचून घेजो, प्रेमसिंगकडून नको. तांड्यात वाचता येणारा तोच जवळ हाय, मले माहीत हाय. पण मी लिहिलेलं 'प्रिय' तू त्याच्या तोंडून आयकावं, हे मले खपणार नाही.

आपल्या तांड्यातला बाबूलाल परवा इथं रुळाच्या कामावर लागला. त्यानं तीजेची सारी हकीकत सांगितली. तुमी पोरी बोरीच्या काट्यांत भिजवलेले हरभरे खोसून राह्यल्या होत्या आन् हरभरे खोसता येऊ नये म्हणून पोरं फांदी हलवत होते. ते तं दरसालचंच हाय. पण तुही पाळी आली तवा प्रेमसिंगनं फांदी गच्च धरून ठेवली म्हणे! मागच्या तीजेले मी अशी गदागदा हलवली का तुह्या बोटात काटे रुतले. तू मले वांड म्हणालीस आन् हसलीस. त्याच्यापुढंही हसलीस का?

आन् त्यानं फांदी आणली कुठून? बंद जंगलातून! तिथून आपल्याले दातणाची काडी तोडता येत नाही. गोऱ्या साहेबानं हद्दीचे दगडी मुनारे रोवून जंगल आखलं. साहेब गेला, मुनारे तिथंच हायेत. माह्या आज्याचे बैल जिथं चरले तिथं आज आपली गाय शिरली, का थेट मानोरा गावच्या कोंडवाड्यात. झाडं वाचली पायजेत म्हणतेत. वाचू द्या ना, मले काय झाडाचं वैर हाय? पण इथं दिवसभर मी रुळाखाली टाकाचे सागाचे स्लीपर खांद्यावर वाहतो, तो साग काय आपल्या गायीनं तोडला? प्रेमसिंग माह्यासंगच गुरं राखत होता. जंगलशिपायाचा खाकी कोट चढला आन् जंगल त्याच्या बापाचं झालं. कोटात दिसतोही रुबाबदार, मेला.

आता खरं लिहितो. तांड्याच्या नायकानं बाबूलालसंग सांगावा धाडला हाय. प्रेमसिंगनं तुले मागणी घातली. सोयरीक झाली तं तो तांड्याची गुरं जंगलात सोडू देईल. तुह्या बापाचंही मन वळलं म्हणे. पण आपल्या सगाईचा गूळ पंचांनी खाल्ला हाय, ती मोडाले माहा होकार पायजे. तुले तोच आवडत असल तं तसं सांग. मी जळून कोळसा होईन, पण होकार देईन. मात्र गुरांच्या चाऱ्यासाठी मान खाली घालत असशील, तं माहा होकार नाही. चारा संपला तं लोक गाय इकतेत, पोरगी नाही. नायकाले हे माह्या नावानं, सगळ्यांसमोर सांगजो.

अजून तरी तुहाच,
धरमसिंग